परीक्षा फेब्रुवारीत, मुलं वीटभट्टीवर

प्राथमिक शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा बहुतेक वर्षी फेब्रुवारीत होते. आठवीतल्या गरीब घरच्या मुलांसाठीची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा डिसेंबरच्या आसपास. नवोदयची निवड चाचणीही आपल्याकडे बहुधा हिवाळ्यातच. आता दुसरं वेळापत्रक बघा. पालघर जिल्ह्यातली जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कितीतरी कातकरी आणि वारली कुटुंबं भातकापणी उरकली, दिवाळी झाली की बिऱ्हाड बांधतात आणि भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. परततात ती होळीला, नाहीतर थेट पावसाच्या तोंडावर. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांचा हंगामही याच महिन्यांतला. म्हणजे हुशार मुलं शोधायच्या आपल्या मोठ्या परीक्षा नेमक्या अशा दिवसांत येतात, जेव्हा ही मुलं गावातच नसतात.

कुणी हे मुद्दाम केलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण इतकी वर्षं ते फारसं कुणाला खटकलंही नाही, याचा मला खूप त्रास होतो.

मी पालघर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आदिवासी मुलांच्या शिक्षणावर आमच्याकडे भरपूर बैठका होतात. गळती, गैरहजेरी, कुपोषण, वाचन येत नाही, भागाकार येत नाही. हे सगळं खरं आहे आणि त्यावर काम व्हायलाच हवं. पण या बैठकांत एक वाक्य मी जवळजवळ कधी ऐकलेलं नाही: ‘या वर्गात एक मूल असं आहे, जे माझ्याही पुढे विचार करतं, त्याला मी काय देऊ?’ हुशार मुलांचा विचार शहरात होतो. १९६२ साली आप्पा पेंडशांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा वेगळा विचार करूनच, आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पाड्यावरच्या मुलांसाठी मात्र आपल्याकडे फक्त उपचारात्मक वर्ग आहेत. जे मूल गरीब आहे, घरी वारली किंवा कातकरी बोलतं आणि वयाच्या मानाने विलक्षण बुद्धीचं आहे, ते कुणाच्याच यादीत बसत नाही.

अशी मुलं आहेत. मी बघितली आहेत.

गेल्या हंगामात आमच्या शाळेतली मुलं कुठे आहेत ते बघायला एका भट्टीवर गेले होते. कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेली ती झोपडी, जिला भोंगा म्हणतात, तिच्या तोंडाशी आमची चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. पलीकडे तिचा बाप मुनिमाशी हिशेबावरून बोलत होता. मी सहज विचारलं, किती झाले? ती म्हणाली, “हजार विटांना आठशे. या हप्त्याला साडेआठ हजार पाडल्या. आठाचे चौसष्टशे, अर्ध्याचे चारशे, अडुसष्टशे झाले. दीड हजार खर्ची घेतली. राहिले त्रेपन्नशे, ते उचलीत गेले. उचल चाळीस हजार आहे. पाच-पाच हजार धरले तर आठ हप्त्यांत फिटेल, वरचे तीनशे सोडून दिले.” मग थोडं थांबून म्हणाली, “पण अवकाळी पडला तर नाय फिटणार, बाई. कच्ची वीट भिजली की ती मोजत नाहीत. दहा हप्ते धरायचे.”

खर्ची म्हणजे आठवड्याच्या खर्चाला घेतलेले पैसे, उचल म्हणजे आधीच घेतलेली आगाऊ रक्कम. कागद नाही, पेन्सिल नाही, कडेवरचा भाऊ रडतोय. या मुलीने हजाराचा भाव अर्ध्या हजारावर आणला, वजाबाकी केली, भागाकार सोपा व्हावा म्हणून आकडा मुद्दाम खाली उतरवला, आणि शेवटी जे आपल्या हातात नाही त्यासाठी दोन आठवडे राखून ठेवले. हे शेवटचं मी पदवीधर माणसांनाही करताना क्वचित बघते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा आहे आणि गणितात तिची श्रेणी खालून मोजावी लागते. कारण पुस्तकातलं तसंच उदाहरण पुढे ठेवलं की ती गप्प होते. भाषा वेगळी, मांडणी वेगळी, आणि त्यातला दुकानदार नफा नेमका का काढतोय तेही तिला कळत नाही.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. भाजी विकणारी मुलं अवघड व्यवहार तोंडी आणि बिनचूक करत होती, पण तेच गणित शाळेच्या पद्धतीने मांडलं की अडत होती. आणि शाळेतली मुलं पुस्तकी गणितात बरी होती, ती बाजारातल्या हिशेबात अडत होती. अडचण दोन्ही बाजूंना आहे. आपण मात्र एकाच बाजूला ‘कच्चा’ म्हणतो.

आता शिष्यवृत्तीची बुद्धिमत्ता चाचणी घ्या. ‘गटात न बसणारे पद ओळखा’ हा प्रश्न सगळ्यांच्या परिचयाचा आहे. मी एकदा वर्गात कोयता, कुऱ्हाड, विळा आणि लाकूड असे चार शब्द फळ्यावर लिहिले. अपेक्षित उत्तर अर्थातच लाकूड. एक मुलगा म्हणाला, विळा. का? “लाकडाला कोयता आणि कुऱ्हाड लागते. विळा गवताचा.” त्याचं वर्गीकरण पक्कं आहे, नियम स्पष्ट आहे, कारण सांगता येतंय. उत्तरपत्रिकेत मात्र शून्य. अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना असाच प्रश्न विचारला होता: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका. शेतकरी म्हणाले, चारही हवेत, ओंडका नसेल तर बाकीच्यांचा उपयोग काय! म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हे नोंदलं गेलं आहे की माणसं वस्तूंचे गट आपापल्या कामावरून पाडतात. तरीही आपण पर्यायाचा एक गोल काळा करायला लावतो आणि त्याला बुद्धिमत्ता म्हणतो. निदान एक ओळ तरी द्या, मुलाला ‘कारण’ लिहू द्या किंवा सांगू द्या.

शोधण्याची पद्धत बदलली की काय होतं, याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्यात हुशार मुलांच्या खास वर्गांसाठी शिक्षक आणि पालक नावं सुचवायचे. २००५ मध्ये त्यांनी ठरवलं की दुसरीतल्या प्रत्येक मुलाची, कुणी सुचवो न सुचवो, भाषा न लागणारी छोटी चाचणी घ्यायची. पात्रतेची पातळी तीच ठेवली. तरी त्या वर्गांत येणारी गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली मुलं भराभर वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हे मांडलं. पुढे पैशांअभावी ती व्यवस्था मोडली आणि संख्या पुन्हा खाली आली. मुलं आधीही होती, नंतरही होती. त्यांच्याकडे बघणं तेवढं सुरू झालं आणि बंद पडलं.

आपल्याकडे शिष्यवृत्तीला कोण बसणार हे पुष्कळदा आम्ही शिक्षकच ठरवतो. आणि आमच्या डोळ्यांना हुशार दिसतो तो चटकन हात वर करणारा, अक्षर चांगलं असणारा, पुस्तकासारखी मराठी बोलणारा. जो प्रश्नाला उलटा प्रश्न घालतो तो आगाऊ ठरतो. जी मुलगी वर्षभर मान खाली घालून बसते ती ‘शांत’ असते. बाकीच्यांना बसवलं तर शाळेचा निकाल खाली येईल, ही भीती असतेच.

शोधणं हा अर्धा भाग झाला. शिकवायचं कसं, यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे आपली गल्लत मोठी आहे. मुलांच्या संस्कृतीला मान द्यायचा म्हणून आम्ही शाळेच्या भिंती वारली चित्रांनी रंगवतो. तारपा वाजवणारा, त्याभोवती फेर धरलेली माणसं. आत वर्गात तेच मूल आपल्या भाषेत बोललं की त्याला सांगतो, ‘नीट बोल’. सांस्कृतिक कार्यक्रमात पारंपरिक नाच, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लिफ्टची, मॉलची उदाहरणं. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या उत्तम शिक्षकांचा अभ्यास करून जो विचार मांडला, त्यात मुलाची संस्कृती जपण्याबरोबरच मूल अभ्यासात खरोखर पुढे जाणं हीसुद्धा अट आहे. आपण सजावट घेतली आणि अभ्यास सोडला.

या जिल्ह्याला तर हे बाहेरून शिकायचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, ही कुरणशाळा त्यांनी चालवली. भट्ट्यांवर भोंगाशाळाही याच भागात झाल्या. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांचं नाव आज सगळे घेतात, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याच्या किती आधी, १९७०च्या दशकात, चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांत फिरत होते, झोपड्यांच्या भिंतींवर काय आहे ते बघत होते, कागद आणि रंग देत होते. तो माणूस घरापर्यंत गेला म्हणून ती कला आणि ते कलावंत जगापुढे आले.

माझ्या वर्गातलं एक उदाहरण देते. जूनमध्ये रानात शेवळं ही रानभाजी येते. ती नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं नावाची रानफळं घालतात, हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं. मी चौथी-पाचवीच्या काही मुलांना विचारलं, काकडं नसतील तर काय घालाल? चिंच, म्हणाली. का चालेल? आंबट असते म्हणून. मग लिंबू? कोकम? मीठ का नाही? दोन दिवस मुलं घरोघरी आज्यांना विचारत फिरली. वहीत तक्ता झाला: कोणती भाजी खाजते, कशाने थांबते, कोण सांगतं. मग मी शेवळ्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचं चित्र दाखवलं आणि आम्लाकडे आले. वरच्या इयत्तेचं रसायन पाचवीतली मुलं मागून घेत होती. एकीने विचारलं, “मग अळूलाही तेच असेल ना?” असतंच! हा प्रश्न मी शिकवलेला नव्हता. तिथपर्यंत ती स्वतःहून गेली, आणि अशा मुलीला मी पुन्हा बाराखडी गिरवायला बसवणार नाही.

‘पण पुढे मेडिकलची ‘नीट’ परीक्षा आणि एमपीएससी सगळ्यांना सारखीच असते, त्यांना प्रमाण मराठी आणि इंग्रजीच शिकवा,’ असं माझे सहकारी म्हणतात. शिकवतेच मी. बुद्धीचं मूल भाषा झपाट्याने उचलतं, फक्त आधी त्याला कळायला हवं की त्याच्या डोक्यात जे आहे ते इथे चालतं. मातृभाषेतून शिकवण्याचं शिक्षण हक्क कायद्यात आहे, शक्य असेल तिथवर. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तेही आहे आणि विशेष प्रतिभेच्या मुलांना पाठबळ देण्याचं कलमही आहे. दोन्ही एकाच कागदावर आहेत, पण एकाच मुलाला दोन्ही मिळालेली मी अजून बघितलेली नाहीत.

माझं मागणं मोठं नाही. तिसरी-चौथीतल्या प्रत्येक मुलाशी, त्याची भाषा येणाऱ्या माणसाने, तोंडी, चार-सहा वेळा बसून बोलावं आणि नोंद ठेवावी. हे दिवाळीच्या आत व्हावं, मुलं गावात असताना. शिष्यवृत्तीची एक फेरी सप्टेंबरमध्ये घ्या, नाहीतर फेब्रुवारीतलं केंद्र भट्ट्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या जवळच्या शाळेत ठेवा. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी पत्रक देतो, त्यावर तो कोणत्या इयत्तेत आहे हे असतंच, तो कशात पुढे आहे यासाठीही एक रकाना वाढवा. पुढच्या शाळेतल्या बाईंना निदान कळेल की कोण आलं आहे.

ही पोस्ट वाचणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. वारली, कातकरी, पावरी, कोरकू, गोंडी, माडिया, पारधी, तुमच्या मुलांची भाषा कोणतीही असो, त्यांच्या जगण्यातून निघालेला आणि डोक्याला खरोखर ताण देणारा एखादा प्रश्न तुम्ही वर्गात वापरला असेल, तर तो मला इनबॉक्समध्ये पाठवा. मूल काय म्हणालं तेही त्याच्याच शब्दांत लिहा. मी अशा प्रश्नांची वही करते आहे आणि या दिवाळीच्या आधी ती आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांत वाटणार आहे.