‘अमेरिकेत दोषी ठरलं तरी हेबियस आहेच’: या दाव्यात किती दम आहे?

अमेरिकेतल्या कैद्यांबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. राज्याच्या कोर्टात दोषी ठरलं की हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ‘मला बेकायदा डांबलंय’ अशी दाद मागणारा अर्ज टाकायचा. फेडरल, म्हणजे केंद्राचं कोर्ट अख्खा खटला पुन्हा ऐकतं. हे कितीही वर्षं लांबवता येतं. आणि खरा निर्दोष शेवटी सुटतोच.

कितीही वर्षं? फाशीची प्रकरणं दशकं रेंगाळतात, हे खरंय. पण अर्ज करायला १९९६च्या कायद्याने एकच वर्ष दिलंय. राज्याच्या कोर्टात रीतसर अर्ज प्रलंबित असेल तेवढाच काळ त्यातून वगळतात. ओहायोतल्या कीथ बोल्सचा हेबियस अर्ज फेटाळला गेला. अपिलासाठी जजने १७ दिवस दिले, नियमात होते १४. बोल्सने जजच्या मुदतीत अपील केलं. २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की त्याला उशीर झाला!

खटला पुन्हा ऐकणं तर दूरच. राज्याच्या कोर्टाने मुद्द्यावर निकाल दिला असेल, तर तो नुसता चुकीचा असून भागत नाही. समंजस न्यायाधीशांचं त्यावर दुमत होऊ शकत असेल, तरी तो कायम राहतो. २००७च्या एका अभ्यासात फाशी नसलेल्या २,३८४ अर्जांपैकी फक्त ७ मंजूर झालेले दिसले. फाशीच्या प्रकरणांत प्रमाण आठात एकाच्या आसपास होतं.

आता निर्दोष सुटतोच, हा मुद्दा. ॲरिझोनात बॅरी जोन्सला चार वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल १९९५मध्ये दोषी ठरवून फाशी सुनावली. तिला जखमा नेमक्या कधी झाल्या, याचा वैद्यकीय तपास त्याच्या वकिलाने धड केलाच नाही. पुढच्या वकिलानेही हा मुद्दा मांडला नाही. फेडरल जजने तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून २०१८मध्ये दोषसिद्धी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात राज्याच्या वकिलाचा युक्तिवाद काय, तर इथे निर्दोष असणं पुरेसं नाही. आणि २०२२मध्ये राज्यच ६ विरुद्ध ३ मतांनी जिंकलं. राज्याच्या कोर्टात न आलेला पुरावा विचारात घेता येत नाही, वकिलाची हयगय ती कैद्याचीच, असं बहुमताने ठरवलं. असा नियम मला तरी न्याय वाटत नाही.

जोन्स २०२३मध्ये बाहेर आला, पण हेबियसमुळे नव्हे. सरकारी पक्षाशी तडजोड झाली. मुलीला दवाखान्यात नेलं नाही, या आधारावर त्याने कमी गंभीर खुनाचा गुन्हा कबूल केला, आणि तुरुंगात काढलेली वर्षं शिक्षेत धरली गेली.