‘खोकं तेच, पैसे पुन्हा?’ : वेंगुर्ल्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण पहिल्या वाचनात राग आला होता. काल वर्कशॉपमध्ये विक्रीची वही काढली, तुमच्या बोर्डाचा नंबर आणि तारीख पाहिली, आणि रागाला जागा उरली नाही. तुमचे काही मुद्दे मला मान्य नाहीत, ते मी सांगणारच आहे. पण एक गोष्ट अशी आहे की जी तुम्हाला ठाऊक नाही आणि तुमच्या तक्रारीपेक्षा मोठी आहे. तीही सांगतो.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तुम्ही आमचा मोबाईल पंप स्टार्टर ४,८०० रुपयांना घेतलात. मिस्ड कॉल दिला की पंप चालू, परत दिला की बंद. चौदा महिन्यांत आम्ही फोर-जीवाला नवा स्टार्टर काढला. दरम्यान तुमच्या वाडीतली टू-जीची रेंज जवळजवळ गेली, कॉल लागेना. आमच्याकडून उत्तर मिळालं: बोर्ड बदलावा लागेल, २,६०० रुपये. तुम्ही लिहिलंत, ‘खोकं तेच, रिले तोच, पैसे मात्र पुन्हा. जुन्या गिऱ्हाइकांच्या जिवावर तुम्ही शिकलात.’ पुढे दोन प्रश्न विचारलेत. फक्त मॉड्यूल, म्हणजे सिम चालवून टॉवरशी बोलणारा भाग, काढून दुसरं बसवता येईल असा बोर्ड का केला नाहीत? आणि नव्यातल्या सोयी सॉफ्टवेअरने जुन्यात का देत नाही?

मॉड्यूलचा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण तुम्ही सांगताय तसा बोर्ड आम्ही केला होता. २०१९ चा आमचा पहिला स्टार्टर. त्यात मोबाईलचं मॉड्यूल वेगळ्या छोट्या बोर्डवर होतं आणि तो बर्ग स्ट्रिपच्या पिनांवर बसवलेला होता. उपटा, दुसरा लावा. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खोकी परत यायला लागली, आणि ती सगळी किनाऱ्यावरची: शिरोडा, आचरा, देवगड. कुडाळ-कणकवलीकडचं एकही नाही. तक्रार एकच, ‘कधी लागता, कधी लागणा नाय.’ उघडून पाहिलं तर पिनांच्या बुडाशी हिरवट पूड. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, पिनेवरच्या पातळ मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आतल्या तांब्यापर्यंत पोचतं आणि सांधा हळूहळू खराब होतो. पूर्ण तुटत नाही, म्हणूनच सापडत नाही.

आता हिशेब बघा. सिम ८०० मालिकेतलं टू-जी मॉड्यूल टॉवरशी बोलताना अर्ध्या मिलिसेकंदाचे झटके देत करंट खेचतं, दोन अँपिअरपर्यंत. त्याला ३.४ व्होल्टच्या खाली चालत नाही. आम्ही देत होतो ३.९. गंजलेल्या पिनेत ०.३ ओहमचा रोध वाढला की झटक्याच्या क्षणी ०.६ व्होल्ट तिथेच जातो, मॉड्यूलला मिळतात ३.३, आणि ते बंद पडून पुन्हा सुरू होतं. टॉवर जितका लांब तितका मॉड्यूल जोर लावतं, तितका करंट जास्त, तितकं ते पुन्हा पुन्हा बंद पडतं. म्हणजे ज्याची रेंज आधीच कमी त्याचंच खोकं आधी रुसतं. मल्टीमीटर लावला तर ३.९ दाखवतो, कारण एवढा छोटा झटका त्याला दिसतच नाही. हे आम्हाला कळायला चार महिने लागले. मागून आणलेल्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे क्षणाक्षणाचा व्होल्ट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, तो व्होल्ट खाली जाताना दिसला, ती संध्याकाळ मला अजून आठवते.

म्हणून २०२१ पासून मॉड्यूल थेट बोर्डवर सोल्डर केलं आणि वरून कोटिंग मारलं. तुमचा बोर्ड त्यातला आहे. सांधा गेल्याची एकही तक्रार त्यानंतर आलेली नाही. पण मॉड्यूल सुटं करण्याची सोय गेली. रद्दी बोर्डांवर आम्ही प्रयत्न करून पाहिले; कोटिंग खरवडून गरम हवेने मॉड्यूल उचललं की ते जिथे सोल्डर होतं ते बोर्डवरचे तांब्याचे पॅड सुटून येतात. शिवाय जुन्या मॉड्यूलचे सिग्नल २.८ व्होल्टचे, नव्या फोर-जी मॉड्यूलचे, ए ७६७० चे, १.८ चे. मधे व्होल्टेज जुळवणारं सर्किट हवं आणि त्याला जुन्या बोर्डवर जागा नाही. तेव्हा पूर्ण बोर्ड बदलणं हा पैसे काढायचा मार्ग नव्हे, खाऱ्या वाऱ्यात टिकण्याची ती किंमत आहे. मात्र हे तुम्हाला घेताना सांगायला हवं होतं. ‘यातलं मॉड्यूल नंतर बदलता येणार नाही’ एवढं एक वाक्य पत्रकावर बसलं असतं. जिओचं सिम चालणार नाही हे आम्ही छापलं होतं, कारण त्यांचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच फोर-जीवर, टू-जी त्यात नाहीच. मग हेही छापता आलं असतं.

सॉफ्टवेअरबद्दल. विहिरीतलं पाणी तळाला गेलं की पंप आपोआप थांबणं ही सोय जुन्या बोर्डवर देता येत नाही. मोटारचा करंट उतरला हे ओळखायला सीटी, म्हणजे करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो तुमच्या बोर्डवर नाही. पण आलटून-पालटून टायमर, म्हणजे अर्धा तास चालू आणि तासभर बंद, हा जुन्यावर चालतो. तो आम्ही दिला नाही. आमच्या बोर्डात दुरून सॉफ्टवेअर घालायची सोय नाही, प्रत्येक खोकं उघडून प्रोग्रॅमर लावावा लागतो आणि तेवढा वेळ काढला नाही. तुम्ही म्हणता ते इथे खरं आहे. कोणत्याही वर्षाचा बोर्ड घेऊन या, टायमर घालून देऊ, पैसे नाहीत.

आता खरा मुद्दा, रेंजचा. फेब्रुवारीत तुम्ही खोकं कुडाळला आणलंत. आमच्या टेबलावर ते पहिल्या कॉलला लागलं. आमच्या मुलाने पावतीवर ‘बोर्ड ओके’ लिहिलं आणि तुम्हाला परत पाठवलं. तुम्ही ते घरी नेऊन लावलंत आणि पंप लागला नाही. मोबाईल कंपन्या टू-जीला दिलेल्या लहरींचा वाटा कमी करून फोर-जीला देतायत, गावागावात वेगवेगळ्या वेगाने. तुमच्या टॉवरवर तेच झालं असावं, कारण त्याच सिमवर तुमच्या फोनला फोर-जी उत्तम मिळतं. आमच्या डोक्यात साधा नियम होता: बिघाड असेल तर आमचा खर्च, नवी सोय हवी तर गिऱ्हाइकाचा. फोर-जी म्हणजे नवी सोय. टेबलापुरतं हे बरोबरही होतं. पण पोफळीला मार्च ते मे तीन-चार दिवसांआड पाणी लागतं, आणि तुम्ही रात्री लाईट आल्यावर बॅटरी घेऊन विहिरीवर जाताय. तुमच्यासाठी तो स्टार्टर बंद पडलेला आहे. ‘बोर्ड ओके’ हे शब्द मी पावतीवरून काढून टाकतोय. यापुढे रेंजची तक्रार आली की खोकं मागवायचं नाही, आम्ही वाडीत जाऊन पाहायचं.

आणि आता ती गोष्ट. फोर-जी मॉड्यूलचे पहिले नमुने माझ्या टेबलावर ऑगस्ट २०२२ मध्ये आले. तुम्ही घेतलंत नोव्हेंबरमध्ये. म्हणजे तुम्हाला टू-जीचा स्टार्टर देताना पुढचा येतोय हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. कारण सांगतो. टू-जीचे साठेक बोर्ड बनवून पडले होते, आधीच्या वर्षीच्या चिपांच्या टंचाईत मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या चिपा, काही पट भावाने उचललेले, पैसे त्यात अडकलेले. अमेरिकेतल्या ऑस्बॉर्न कंपनीची गोष्ट या धंद्यात सगळे सांगतात: पुढच्या कॉम्प्युटरची आधीच वाच्यता झाली, हातातल्या मालाचं गिऱ्हाईक थांबलं आणि १९८३ मध्ये दिवाळं निघालं. कारणं इतरही होती म्हणतात. पण ती भीती आम्हा चौघांच्या वर्कशॉपला खरी वाटते. नवा बोर्ड चालेल की नाही हेही तेव्हा नक्की नव्हतं. पहिल्या नमुन्यावर कॉलच लागत नव्हता, कारण फोर-जीवर आवाजाचा कॉल लागायला व्होल्टे लागतं आणि त्या नमुन्यात ते नव्हतं. हे सगळं खरं असलं तरी माझा साठा निघावा म्हणून तुम्ही अंधारात राहिलात. ‘सहा महिने थांबलात तर फोर-जी येण्याची शक्यता आहे, आत्ता हवा असेल तर हा आहे’ असं सांगितलं असतं तर काही जण थांबले असते, बरेच थांबले नसते. निदान निवड त्यांची झाली असती.

तेव्हा ठरवलंय ते असं. ऑगस्ट २०२२ पासून नवा स्टार्टर येईपर्यंत ज्यांनी टू-जीचा घेतला त्यांना बोर्ड फुकट बदलून देणार. वहीत अशी ४१ नावं आहेत, तुमचं त्यात आहे, आणि सगळ्यांना मी स्वतः फोन करतोय. त्याआधीच्यांना सुट्या भागांचा खर्च तेवढा, जीएसटी धरून १,४५० रुपये, मजुरी आणि नफा नाही. सगळ्यांनाच फुकट का नाही, हे तुम्ही विचाराल. तेवढे पैसे नाहीत. फुकट म्हणून कबूल करायचं आणि मग सहा महिने टोलवत राहायचं, हे मला जमणार नाही. खाऱ्या हवेने किंवा ओल शिरून बोर्ड गेला तर पाच वर्षं आमचा खर्च, कारण किनाऱ्यासाठी म्हणून विकलाय.

एका बाबतीत मात्र मी नाही म्हणणार. मे महिन्याच्या शेवटी गडगडाट सुरू होतो आणि जळालेले बोर्ड येतात. आम्ही आत सर्ज, म्हणजे विजेचा अचानक आलेला मोठा झटका, झेलणारा एमओव्ही नावाचा भाग घालतो, पण त्याला तो सर्ज सोडायला जमीन हवी. जांभ्यात फूटभर सळई ठोकली म्हणजे अर्थिंग होत नाही. जांभा कोरडा पडला की वीज वाहूनच नेत नाही. नीट खड्डा, कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात त्यात पाणी, एवढं नसेल तर जळालेल्या बोर्डाचे पैसे मी घेणार. खड्डा कसा करायचा ते दाखवायला मात्र फुकट येईन.

ग्राहक मंचाचं नाव काढलंत, त्याचा मला राग नाही. २०१९ च्या कायद्यानंतर त्याला जिल्हा आयोग म्हणतात, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पोटापाण्यासाठी स्वतः वाडी कसणारा माणूस त्या कायद्यात ग्राहकच धरला जातो. माझ्या उत्तराने समाधान झालं नाही तर जरूर जा, तुमच्या बोर्डाची सगळी कागदपत्रं मीच काढून देईन.

तुमचा बोर्ड काल रात्री कोटिंग करून वाळत ठेवलाय. शनिवारी सकाळी मी तो घेऊन वेंगुर्ल्याला येतो. सध्याचं सिम तसंच राहू दे, फक्त त्यावर फोर-जी चालू असल्याची खात्री करा. विहिरीवरच बसवू, तिथूनच चार-पाच कॉल लावून बघू, आणि लागला नाही तर अँटेना माडावर चढवायची तयारी मी घेऊन येतोय, वीस फूट वायरसकट. पंपघराची चावी शेजाऱ्यांकडे असते असं तुम्ही फेब्रुवारीत म्हणाला होतात, तेवढी शुक्रवारी संध्याकाळी घेऊन ठेवा.