जिनिव्हाचा हुकूम आणि आमची कचरागाडी

इंदूरच्या आमच्या लोकमान्यनगरातल्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘महामारी करारावर भारताने सही केली. आता लॉकडाऊन जिनिव्हाहून लागणार, लस सक्तीची होणार, दिल्लीला नाही म्हणता येणार नाही.’ पाठवणारे काका माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून तिथे वाद घातला नाही.

आधी सही. 20 मे 2025 रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे तिथेच मुख्यालय असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, करार स्वीकारला, एवढंच त्या दिवशी झालं. सह्यांची पाळी नंतरची, रोगजंतूंचे नमुने आणि त्यांतून होणाऱ्या लसी कशा वाटून घ्यायच्या हे परिशिष्ट ठरल्यावरची. मग करार अमलात यायला 60 देशांची रीतसर मान्यता लागते. जो देश ती देणार नाही, त्याला करार लागू नाही.

लॉकडाऊनचं म्हणाल, तर टाळेबंदी लावा, लस सक्तीची करा, प्रवासी अडवा असं कुठल्याही देशाला फर्मावण्याचा अधिकार जागतिक आरोग्य संघटनेला नाही, हे करारातच लिहिलंय. कागदावर विश्वास नसेल तर 2020 आठवा. 30 जानेवारीला संघटनेने कोविडसाठी आरोग्य आणीबाणी जाहीर केली, पण प्रवास-व्यापारावर बंधनं घालावीत असं सुचवलं नव्हतं. ऐकलं कोणी? मार्चमध्ये आपणही विमानं बंद केली आणि कोणी जाब विचारला नाही. देशभरचा लॉकडाऊन दिल्लीहून लागला, 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. इंदुरात काही दिवस दूध-भाजीही बंद झाली, ती जिल्हा प्रशासनाच्या आदेशाने. किराण्याची यादी आम्ही कचरागाडीबरोबर येणाऱ्या पोराकडे द्यायचो. आईने एकदा शेंगदाणे लिहिले, घरी साबुदाणा आला. यात जिनिव्हा कुठे होतं?

लसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 लाच सांगितलंय: मनाविरुद्ध कोणालाही टोचता येणार नाही. गंमत म्हणजे, पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला आफ्रिकेतल्या अनेक देशांतून येणाऱ्यांकडे आपणच मागतो.

मजकुरात तथ्य असेल तर एवढंच: आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतले (हे संघटनेचे, करारापेक्षा वेगळे आणि जुने नियम) बदल 19 सप्टेंबर 2025 पासून लागू झाले आणि त्यात ‘महामारी आणीबाणी’ ही नवी पायरी आली. ती संघटनेचे महासंचालक जाहीर करतात. त्यासोबत येतात त्या शिफारशी, हुकूम नव्हे.

मला खरी काळजी आहे ती घरच्या कायद्याची. आपला साथरोग कायदा 1897 चा, मुंबईच्या प्लेगसाठी घाईने केलेला, जेमतेम चार कलमांचा. रँडच्या पुण्याची गोष्ट मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. या कायद्यात सरकारला अधिकार भरपूर आहेत. पण साथ म्हणायचं कशाला, पाळत कोणी ठेवायची, रुग्णाचे हक्क कोणते, याबद्दल अक्षर नाही. एप्रिल 2020 मध्ये आमच्याच इंदुरातल्या टाटपट्टी बाखल वस्तीत आरोग्य पथकावर दगड पडले, इतरत्रही पडले, तेव्हा कुठे 22 एप्रिलच्या अध्यादेशाने अशा हल्ल्यांना सात वर्षांपर्यंतची कैद त्यात घातली गेली. नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये आरोग्य आणीबाणीसाठी स्वतंत्र कायदा हवा असं स्पष्ट म्हटलं. ती शिफारस आमच्या ग्रुपवर अजून एकदाही आलेली नाही.