एक बादली पाणी, आठवडाभराची वीज आणि मेसेजमध्ये न लिहिलेला हिशोब

गेल्या पंधरा दिवसांत तोच मेसेज मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: सोलापूरच्या उन्हात सोलर पॅनेल दुप्पट वीज देतो, त्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढा आणि फ्युएल सेलला, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्राला द्या, एक बादली पाण्यावर घर आठवडाभर चालतं, बॅटरी नको, धूर नाही, धोका नाही, बोर्डाची जोडणी तोडून टाका. खाली बुकिंगचा नंबर. आमच्या गल्लीतल्या अण्णांचे आठ माग आहेत. त्यांनी अकरा हजार भरूनही टाकले.

मी शहरात गच्चीवर सोलर बसवायचं काम करतो. या विजेवर माझा मनापासून विश्वास आहे. अशा मेसेजमुळे उद्या लोक फसले की चांगल्या कामावरचाही भरवसा उडतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"ऊन जास्त, म्हणून वीज दुप्पट." पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलच्या पाठीवर जी वॅटची संख्या छापलेली असते, ती सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मागच्या मे महिन्यात दुपारी एक वाजता अक्कलकोट रोडला एका कारखान्याच्या पत्र्यावर मी पॅनेलच्या काचेवर तापमानाची गन धरली. आकडा आला ६४. म्हणजे ३९ अंश वर, म्हणजे तेरा-चौदा टक्के वीज तिथंच गेली. उन्हाळ्यात दिवस मोठा आणि आभाळ स्वच्छ असतं, त्यामुळे दिवसाची बेरीज चांगली येते, पण दुप्पट कधीच नाही. आपल्याकडं १ किलोवॅटला वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार ते साडेचार युनिट धरायचे. यंत्रमागाच्या भागात तर उन्हाइतकाच धुळीचा विचार करावा लागतो. सुताचे बारीक तंतू आणि धूळ काचेवर बसून थर होतो. तो सकाळी लवकर, काच थंड असताना पुसायचा. बोअरचं पाणी मारून तसंच वाळू दिलं तर क्षाराचे पांढरे डाग पडतात आणि ते काढताना जीव जातो.

आता बादली. या मुद्द्यावर मी अण्णांबरोबर कागद-पेन घेऊनच बसलो, कारण ते म्हणाले, "अहो, पाणीच तर लागतंय ना? महाग काय आहे त्यात?"

९ लिटर पाण्यात १ किलो हायड्रोजन असतो. १५ लिटरच्या बादलीत झाला सुमारे १.६७ किलो. फ्युएल सेल १ किलो हायड्रोजनमधून सोळा-सतरा युनिट वीज देतो, म्हणजे बादलीमागे २७ युनिट. काटकसरीनं वापरलं तर एका घराला आठवडा जाईल, तेवढं मेसेजमध्ये खरं आहे. पण पाण्यातून १ किलो हायड्रोजन वेगळा करायला ५० ते ५५ युनिट वीज आधी घालावी लागते. बादलीला ८५ ते ९० युनिट. तीन किलोवॅटच्या गच्चीची सात दिवसांची सगळी वीज आत गेली आणि बाहेर आले २७ युनिट. बाकीची दोन-तृतीयांश उष्णता होऊन गेली.

पाणी हे इंधन नाहीच. हायड्रोजन जळून जे उरतं, ते पाणी. लाकूड जळून राख झाल्यावर त्या राखेतून पुन्हा जाळ काढायचा, तर जळताना गेलेली सगळी शक्ती परत घालावी लागेल, तसंच हे. हायड्रोजन ही वीज साठवायची टाकी आहे. टाकीला विहीर समजलं की हिशोब चुकतो.

शिवाय पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला नळाचं पाणी चालत नाही, क्षार पूर्ण काढलेलं लागतं. ते शुद्ध करताना आणखी पाणी वाया जातं. ज्या शहरात नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं, तिथं हे सांगायलाच हवं होतं.

"बॅटरी नको." तीच ९० युनिट लिथियम बॅटरीत भरली तर ८० च्या आसपास परत मिळतात. घरात दिवसा भरलेली वीज रात्री वापरायची असेल तर हायड्रोजनचा विचारही करू नये. बादलीभर पाण्यातला हायड्रोजन साध्या दाबाला सुमारे वीस घनमीटर जागा घेतो, दहा बाय दहाची खोली पाऊण भरेल. म्हणून तो ३५० किंवा ७०० बारच्या, म्हणजे साध्या हवेच्या जवळपास तितक्या पट दाबानं टाकीत कोंबावा लागतो, आणि त्या कॉम्प्रेसरलाही वीज लागते.

"धूर नाही" हे फ्युएल सेलपुरतं अगदी खरं. त्यात काही जळत नाही. हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन तारेतून जातात, प्रोटॉन पातळ पडद्यातून पलीकडं जातात, तिथं ऑक्सिजन भेटून पाणी बनतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी हे १८३९ च्या सुमारास दाखवलं होतं आणि १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ५ अंतराळयानात अशाच सेलवर वीज बनली. पण आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्यात १ किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सिलिंडर भरून आणायचा असेल तर तो कुठून आला, हे विचारा.

"धोका नाही" हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला की तो पेट घेऊ शकतो. त्याला वास नाही. दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. उघड्यावर तो झटकन वर उडून जातो, पण जिन्याखालच्या बंद खोलीत टाकी ठेवली तर छताशी साचतो. गॅसच्या सिलिंडरला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. इथं सेन्सर आणि हवा खेळती ठेवायची सोय नसेल तर घरात आणूच नका.

मग हायड्रोजन वाया का? अजिबात नाही. खत, पोलाद, रिफायनरी, लांबच्या जड गाड्या, जिथं बॅटरी पुरत नाही तिथं तो लागणारच. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, ते याच कामांसाठी. सोलापूरजवळ १,३२० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र चालवणाऱ्या एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीनंच लेहला हायड्रोजनच्या बस आणल्या. दिवसाचं ऊन रात्रीसाठी साठवावं, ही मेसेजमागची तळमळ बरोबर आहे. आपल्या दिव्यांना रात्री अजून बराचसा कोळसाच लागतो.

राहिली जोडणी तोडायची गोष्ट. श्रावणात चार दिवस ढग बसले की तीन किलोवॅटची गच्ची दिवसाला पाच-सहा युनिटांवर येते. त्या दिवशी जोडणीच आधार देते. नेट मीटरवर दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री आपण घेतो आणि बिलात वजाबाकी होते. घरगुती ग्राहकाला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

अण्णांचे अकरा हजार अजून अडकलेले आहेत. पावती आणि मेसेजचे फोटो जपून ठेवायला सांगितलंय. नेट मीटरचा अर्ज परवा भरला. गच्ची तीनशे चौरस फूट पुरते, फक्त पाण्याची टाकी दक्षिणेला आहे आणि हिवाळ्यात तिची सावली दोन पॅनेलवर पडेल. रविवारी प्लंबर येतोय, टाकी उत्तरेला सरकवायची आहे.