चित्रेही वाचायची असतात

आज सकाळी माझ्या चित्रपुस्तकाबद्दल एका परिचितांचा निरोप आला. "पुस्तक सुंदर आहे, पण मजकूर फारच कमी; पाच मिनिटांत संपले. एवढ्या पैशांत मुलाला वाचायला आणखी काही मिळायला हवे होते." त्यांच्या मनात वाईट काही नसणार, हे मला कळते, तरीही दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही.

लहान मुलांसाठी लिहिणे आणि चित्रे काढणे हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे आणि त्यातला बराचसा वेळ लिहिण्यात नव्हे, लिहिलेले काढून टाकण्यात जातो. मोठ्या कागदाला घड्या घालून आठ किंवा सोळा पानांचे फर्मे तयार होतात, म्हणून चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते. नामपृष्ठ वगैरे वजा जाता उरलेल्या जागेत काय शब्दांनी सांगायचे, काय चित्रावर सोपवायचे आणि काय पान उलटेपर्यंत राखून ठेवायचे, हे ठरवताना डमीमागून डमी (पुस्तकाचा कच्चा नमुना) बाद होते.

माझ्या एका पुस्तकातील मुलगी दूर गेलेल्या मैत्रिणीला पत्र लिहिते : 'मी मजेत आहे. रोज बुद्धिबळ खेळते. कधी जिंकते, कधी हरते.' शब्द एवढेच. एका पानावर ती पांढऱ्या मोहऱ्यांमागे बसलेली आहे, समोरची उशी रिकामी आहे. पान उलटले की तीच त्या उशीवर, काळ्या मोहऱ्यांमागे. छपाईआधी मी डमी एका लहान मुलीच्या हाती दिली. तिने पान पुढे उलटले, मागे उलटले, पुन्हा पुढे उलटले आणि म्हणाली, "ही खोटं लिहितेय." पुस्तक छापून आले तेव्हा त्या पानाखाली मला न विचारता एक ओळ घातलेली होती : 'खरे तर ती अगदी एकटी पडली होती.'

मजकूर वाढला आणि मुलांनी स्वतः शोधून काढायची गोष्ट त्यांना आयती सांगून टाकली गेली. त्याचा संताप आजही ओसरलेला नाही.

पॅट हचिन्स यांचे 'रोझीज वॉक' हे चित्रपुस्तक १९६८ साली आले. कोंबडी फेरफटका मारते, एवढेच त्यातले एकुलते एक वाक्य सांगते. तिच्या मागावर असलेला कोल्हा जवळजवळ प्रत्येक चित्रात आहे, मजकुरात मात्र त्याचा उल्लेखही नाही. कोणी तिथे 'सावध, मागे कोल्हा आहे' अशी ओळ घातली असती तर पुस्तकात उरले काय असते? मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ सालच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये चित्रे पानागणिक मोठी होत जातात आणि गोष्ट ऐन रंगात आली की सलग तीन जोडपानांवर एकही शब्द येत नाही. शेवटच्या पानावर उलट चित्रच नाही, नुसते शब्द आहेत. ही कसरत सेंडाक यांना साधली, त्याआधी दशकभराहून अधिक काळ ते इतरांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढत होते. त्या पुस्तकाच्या चित्रांना १९६४ सालचे कॅल्डेकॉट पदक, म्हणजे चित्रपुस्तकातील चित्रांसाठीचा अमेरिकेतील मानाचा पुरस्कार, मिळाले. तेही पाच-दहा मिनिटांत वाचून होते.

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला भरपूर मजकुराची पुस्तकेही हवीत, हे मान्य. रंगीत छपाईमुळे किंमत चढते आणि ती सर्वांना परवडत नाही, हेही मान्य. पण शब्द मोजून पुस्तकाची योग्यता ठरवणारे त्याच हिशोबाने आमचे मानधनही ठरवतात, याचे मला फार वाईट वाटते. 'एवढ्याशा ओळींचे किती घेणार?' हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेला आहे. बुद्धिबळाच्या त्या दोन पानांसाठी उशीवरचा खळगा किती खोल दाखवावा, याची मी कितीतरी रेखाटने केली होती. कोणीतरी तिथे नेहमी बसत असे, हे त्या खळग्यानेच सांगायचे होते. त्याचा हिशोब कोणत्या ओळीत धरायचा?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. परिचितांना मी एवढेच कळवले आहे की त्यांनी मजकूर वाचून झाल्यावर पुस्तक मिटू नये, पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करावी, या वेळी स्वतः काही न बोलता पाने मुलाला उलटू द्यावीत आणि तो काय म्हणाला ते मला जरूर कळवावे. पुढच्या पुस्तकाच्या करारात मात्र मी एक कलम घालून घेतले आहे : लेखिकेच्या लेखी संमतीशिवाय मजकुरात एकही शब्द वाढवला जाणार नाही.