आतली आग आणि आत्याची कॅप्सूल

गेल्या आठवड्यात आत्यानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे ढकलला. त्याचा सारांश असा: "सगळ्या आजारांचं मूळ इन्फ्लमेशन, आणि इन्फ्लमेशनचं मूळ फ्री रॅडिकल्स. अँटिऑक्सिडंट पेशीत शिरून फ्री रॅडिकल्सना पकडतात, म्हणजे आतली आग विझते. रोज हळद, आवळा आणि अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल घ्या. जितकं जास्त तितकं चांगलं. नैसर्गिक असल्यानं अपाय शून्य." खाली भराभर अंगठे. (फ्री रॅडिकल्स म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटा राहिलेले, चटकन कशाशीही क्रिया करणारे रेणू; अँटिऑक्सिडंट म्हणजे त्यांना निष्क्रिय करणारे पदार्थ.) मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे गप्प बसवेना. ग्रुपवर लिहिलं की रुसवेफुगवे होतात, म्हणून उत्तर इथे लिहितोय.

"सगळ्या आजारांचं मूळ" यावर वेळ घालवत नाही. बोट कापल्यावर ते लाल होऊन सुजतं, तेही इन्फ्लमेशनच, म्हणजे दाह, आणि तो झाला नाही तर जखम भरणार नाही. त्रास होतो तो महिनोन् महिने धुमसत राहणाऱ्या सुजेचा.

"फ्री रॅडिकल्स म्हणजे शत्रू." हे जर खरं असतं तर एका विशिष्ट आजाराची मुलं सगळ्यात सुखी असायला हवी होती. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि त्यांच्यावर सुपरऑक्साइड सोडतात. सुपरऑक्साइड हा फ्री रॅडिकलच. तो बनवणारं एन्झाइम काही मुलांमध्ये जन्मापासून निकामी असतं. या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. अशा मुलांना बुरशीचे आणि जिवाणूंचे गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होतात, हे ओघानं आलंच. चक्रावणारी गोष्ट पुढे आहे: त्यांच्या अंगात दाह कमी नसतो, उलट जास्त असतो. गाठी होतात, अनेकांची आतडी सुजतात. कारण तेच रॅडिकल दाह आवरता घेण्याचा निरोपही पोचवत असतात.

आता मेसेजचा गाभा: "पेशीत शिरून पकडतात." परीक्षानळीत हे खरंच घडतं, म्हणून तर ही कल्पना इतकी रुजली. पण पेशीच्या आत काय आहे ते पाहा. पेशी स्वतः ग्लुटाथायोन नावाचं अँटिऑक्सिडंट बनवते आणि त्याचं प्रमाण लिटरला १ ते १० मिलिमोल असतं. चहा, द्राक्षं, कांदा यांतली पॉलिफेनॉल्स, म्हणजे वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं, खाल्ल्यावर रक्तात जेमतेम १ मायक्रोमोलच्या (मिलिमोलच्या हजाराव्या भागाच्या) आसपास पोचतात, बऱ्याचदा त्याहूनही कमी, आणि तीही यकृतानं रूप पालटून टाकलेली. म्हणजे फरक हजार पटींचा किंवा त्याहून मोठा. भरलेल्या विहिरीत तांब्याभर पाणी ओतून दुष्काळ हटवल्याचं श्रेय घेण्यातला हा प्रकार.

यावरचा माझा आवडता प्रयोग सफरचंदाचा आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात संशोधकांनी काही निरोगी माणसांना एका बैठकीत पाच-पाच सफरचंदं खायला दिली. रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली. टाळ्या वाजवण्याआधी त्यांनी ती कशामुळे वाढली ते शोधलं, तर कारण निघालं यूरिक अॅसिड! फळातल्या फ्रुक्टोजमुळे शरीरानं यूरिक अॅसिड जास्त बनवलं होतं, आणि तेही अँटिऑक्सिडंट आहेच. हा निष्कर्ष २००४ सालचा. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांची अँटिऑक्सिडंट गुणांची यादी संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा जाहिरातींत वाटेल तसा वापर होत होता. आवळ्याच्या बाटल्यांवर तसले आकडे अजून दिसतात, ते वेगळं.

मग भाज्या-मसाल्यांचा पेशीतल्या दाहावर काहीच परिणाम नाही का? आहे, पण रीत उलटी आहे. कोबी-ब्रोकोलीतलं सल्फोराफेन किंवा हळदीतलं कर्क्युमिन हे पेशीच्या दृष्टीनं किंचित त्रासदायक पाहुणे. पेशीत कीप-१ नावाचं प्रथिन एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. हे पाहुणे कीप-१ ला चिकटले की त्याची पकड सुटते. एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि पेशीची स्वतःची संरक्षक एन्झाइम्स बनू लागतात, ग्लुटाथायोनही जास्त तयार होतं. दाहाची जनुकं चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचा जोरही त्यामुळे ओसरतो. म्हणजे इथे आग विझवणारा बाहेरून येत नाही. बारीकसा चिमटा बसतो आणि घरचे जागे होतात. चिमट्याच्या जागी चापट मारली तर काय होईल, हा पुढचा प्रश्न.

"जितकं जास्त तितकं चांगलं." फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा तो १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि अॅस्बेस्टॉसच्या कामावरचे कामगार घेऊन तशीच चाचणी चालू होती. तिथे बीटा-कॅरोटीनबरोबर 'अ' जीवनसत्त्वही होतं. फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के जास्त दिसला आणि १९९६ च्या जानेवारीत ती मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. 'ई' जीवनसत्त्वाची गोष्ट याहून वेगळी नाही: ३५ हजारांवर पुरुषांच्या चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. गाजरं खाऊन हे कोणाला झालेलं नाही, हे आत्यासाठी मुद्दाम लिहितो.

व्यायाम करणाऱ्या भाच्यासाठीही एक. २००९ मधल्या जर्मनीतल्या प्रयोगात तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. व्यायामानं इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, पण 'क' आणि 'ई'च्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तो सुधारलाच नाही. नंतरचे सगळे प्रयोग इतके ठाम नाहीत. तरी प्रोटीन शेकबरोबर गोळी गिळण्याआधी विचार करायला एवढं पुरे.

राहिलं "नैसर्गिक, अपाय शून्य." हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. त्यामुळे ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे सुमारे १६-१७ ग्रॅम हळद. आमटीत आपण चिमूटभर घालतो. शिवाय नुसतं कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून कंपन्या त्यात मिऱ्यातलं पायपेरिन मिसळतात. बंगळुरूत १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासात पायपेरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण जवळपास वीसपट वाढलेलं आढळलं होतं. अशा पूरक गोळ्यांमुळे यकृताला सूज आल्याचे रुग्ण इटलीत आणि अमेरिकेत नोंदले गेले आहेत, आणि अमेरिकेतल्या नोंदींत काही गोळ्यांत पायपेरिन सापडलं. म्हणजे सूज उतरवायला घेतलेल्या गोळीनं यकृत सुजलं.

हे सगळं मी काल आत्याला फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग रात्रीचं हळदीचं दूध बंद करू?" म्हटलं, ते घे खुशाल, बाटलीवर काय लिहिलंय ते तेवढं वाच. ती चष्मा शोधायला गेली. परत येऊन म्हणाली, "कर्क्युमिन पाचशे, पायपेरिन पाच. दिवसातून दोनदा." आणि मग, जरा थांबून, "तीन महिने झाले की रे." सोमवारी तिची यकृताची तपासणी आहे.