‘खरा गरीब दाखला आणेलच’ म्हणणाऱ्यांसाठी

‘सरसकट वाटप बंद करा’ असा एक लांबलचक मेसेज महिनाभर फिरतोय. थोडक्यात त्यात असं आहे : सरसकट योजनांचा पैसा श्रीमंतच खातात. लाडक्या बहिणीला पाच एकराची अट परत लावा, कारण पाच एकरावरचा शेतकरी गरीब नसतोच. प्रत्येक योजनेला दरवर्षी उत्पन्नाचा दाखला सक्तीचा करा, खरा गरीब दाखला आणेलच. श्रीमंत वगळले की गरिबाला दुप्पट मिळेल. आणि फुकटच्या पैशामुळे मजूर मिळत नाहीत. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’.

पुढे पाठवून पाठवून तो बचत गटांच्या ग्रुपवर पोचला तोवर दुर्लक्ष करता येत होतं. आता तो घरातल्याच पोरांच्या स्टेटसवर आहे, ज्यांच्या आजीच्या बीपीच्या गोळ्या श्रावणबाळच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनच्या, पैशातून येतात. म्हणून हे उत्तर. मेसेजमधला क्रम पाळत नाही, जे सगळ्यात वाह्यात आहे तिथूनच सुरुवात.

पाच एकर. हे वाक्य लिहिणाऱ्याने कोरडवाहू वावर पाहिलेलं नाही. सहा एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, धरा. पाणी नाही, पावसावर. बऱ्या वर्षी एकरी ४ क्विंटल, म्हणजे २४ क्विंटल. घरी येणाऱ्या व्यापाऱ्याने ७,००० चा भाव दिला तर हातात १,६८,०००. आता खर्च. एकरी बियाण्याची दोन पाकिटं, २०२५ च्या भावाने ९०१ रुपयांचं एक. नांगरट, वखरण, डवरणी, खत, चार-पाच फवारण्या, दोन निंदण, आणि १० रुपये किलोने वेचणी. एकरी २०,००० धरले तर ते सढळ नाहीत. सहा एकराचे १,२०,०००. उरले ४८,००० आणि त्यात वर्षभर अख्खं घर.

हे झालं बरं वर्ष. बोंडं फुटायच्या वेळी, ऑक्टोबरात, चार दिवस पाऊस बसला की एक वेचा जातो. एकरी एक क्विंटल गेला, म्हणजे ४२,००० गेले. न वेचलेल्या कापसाची मजुरी ६,००० वाचली. उरले १२,०००. वावर तेच, कास्तकार तोच, कर्जही तेच. दाखला मात्र मागच्या वर्षाच्या उत्पन्नाचा असतो. म्हणजे ज्या वर्षी घर बुडालं त्या वर्षी कागदावर ते तालेवार, आणि ज्या वर्षी सावरलं त्या वर्षी ते गरीब.

बाजूला पाच एकर बागायती ऊस ठेवा. एकरी ४० टन, टनाला ३,०००. सहा लाखांची विक्री. पाच एकराच्या अटीत हा गरीब आणि सहा एकरवाला कापूसवाला श्रीमंत.

हा काही कल्पनेचा खेळ नाही, विदर्भाने तो एकदा भोगलाय. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आठवा. दोन हेक्टरपर्यंतच्याला, म्हणजे पाच एकरवाल्याला, पूर्ण माफी. त्यावरच्याला २५ टक्के सूट (अडचणीतल्या जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २०,००० रुपये, जे जास्त असेल ते), तीही उरलेली रक्कम भरली तर. ज्याच्याकडे ती रक्कम भरायला असती तो थकला कशाला असता? इथल्या कोरडवाहू जमिनी मुळातच मोठ्या, कारण लहान तुकड्यावर पोट भरत नाही. दोनच वर्षांआधी, २००६ साली, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा हे सहा जिल्हे अडचणीतले म्हणून पंतप्रधानांनी खास पॅकेज दिलं होतं. त्याच जिल्ह्यांतला सहा-सात एकरवाला कास्तकार या अटीमुळे पूर्ण माफीतून बाहेर पडला.

त्या कर्जमाफीची तपासणी कॅगने, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, केली, अहवाल २०१३ चा. मेसेज पाठवणाऱ्यांनी त्यातले दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघावेत. ज्यांना लाभ मिळाला त्यांची ८०,२९९ खाती तपासली, ८.५ टक्के अपात्र निघाली. ज्यांना लाभ मिळाला नाही अशी ९,३३४ खाती तपासली, त्यांतली १,२५७ पात्र असून वगळलेली होती. म्हणजे १३.४६ टक्के. अट एकच होती आणि तिने दोन्ही बाजूंनी चुका केल्या. मेसेजवाल्याला फक्त पहिला आकडा दिसतो, कारण अपात्र माणसाचा फोटो निघतो. वगळलेला माणूस घरी बसलेला असतो, त्याचा फोटो कोण काढणार?

दाखला. ‘खरा गरीब दाखला आणेलच.’ कसा आणेल ते सांगतो.

आधी तलाठ्याचा उत्पन्न अहवाल. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) दोन-चार गावं, त्यामुळे तो कोणत्या दिवशी कुठे आहे हे आधी विचारावं लागतं. मग आधार, राशन कार्ड, सातबारा, आठ-अ, स्वयंघोषणा आणि फोटो घेऊन तालुक्याला सेतूत, म्हणजे दाखल्यांच्या सरकारी केंद्रात. तिथे ओटीपी येतो तो मुलाच्या मोबाईलवर, आणि मुलगा पुण्याला कंपनीत, शिफ्टमध्ये. अर्ज गेला तरी ‘त्रुटी’ म्हणून परत येऊ शकतो : आधारवर सुमन, राशन कार्डावर सुमनबाई, सातबाऱ्यावर नवऱ्याच्या नावापुढे राव. दुरुस्त करून पुन्हा पाठवा, तहसीलची डिजिटल सही होईस्तोवर थांबा. तीन खेपा सहज होतात. एसटीचं तिकीट बाईला अर्धं लागतं, रोजी मात्र पूर्ण बुडते. ३०० रुपयांप्रमाणे ९०० गेले, १,५०० च्या एका हप्त्यासाठी. आणि एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला मरतो. नवा काढायला एप्रिलनंतर जावं तर सेतूत पोरांच्या प्रवेशाची रांग.

निराधार योजनेचे कागद तर वेगळेच. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा. वयाचा पुरावा, आणि जी कधी शाळेत गेलीच नाही तिच्याकडे टीसी कुठून येणार, म्हणून सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला. विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यूदाखला. तो वावरात मेला आणि नोंद राहून गेली, वर्ष उलटलं, की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हे सगळं जमवतं कोण? ज्याच्या घरात एखादा शिकलेला, गाडीवर फिरणारा पोरगा आहे तो. म्हणजे कागदाची चाळणी गरिबीऐवजी ओळखीपाळखी मोजते.

आता मर्यादा बघा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांसाठी, दिव्यांग सोडले तर, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. भागा. घरातल्या एकाने ६८ दिवस माती खणली की घर २१,००० च्या वर. म्हणजे ज्या कायद्याने १०० दिवस कामाची हमी दिली त्या कायद्याप्रमाणे काम केलं की तुम्ही निराधार राहत नाही. राशनच्या प्राधान्य यादीला ग्रामीण भागात ४४,००० ची मर्यादा. पाच माणसांच्या घरात ती माणशी महिन्याला ७३३ रुपये होते.

अशी मर्यादा असली की प्रामाणिक दाखला काढणं जवळपास अशक्य. मग काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, लिहीत कोणी नाही. दाखल्यावरचा आकडा योजना बघून ठरतो. पोराच्या शिष्यवृत्तीला एक, राशनला दुसरा, म्हातारीच्या निराधारला तिसरा. एकाच चुलीचे तीन आकडे, तिन्हींवर सरकारी सही. यातून ज्याला आकडा बसवून घेता येतो तो आत आणि भिडस्त माणूस बाहेर. मेसेजवाला हीच पद्धत प्रत्येक योजनेला लावा म्हणतो, तीही दरवर्षी!

याउलट ज्या गोष्टींना दाखला लागत नाही त्या बघा. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट, बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. कंडक्टर उत्पन्न विचारत नाही. शाळेतली खिचडी पाटलाच्या पोरालाही आणि सालदाराच्या पोरालाही. महात्मा फुले आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही लागू झाली. आणि खुद्द रोजगार हमी, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, १९७७ चा राज्याचा कायदा : जॉब कार्ड काढायचं, नमुना ४ भरून काम मागायचं. गरीब असल्याचा पुरावा कोणी मागितला नाही, कारण मे महिन्यात तळ्यावर माती खणायला श्रीमंत येत नसतो. गरजवंत शोधायचा हाही एक मार्ग आहे आणि तो याच राज्यात निघाला.

श्रीमंत खातात. अर्धं खरं आहे, मान्य. लाडकी बहीणमध्ये सरकारी नोकरीतल्या बायांनी पैसे घेतले, पुरुषांच्या नावावरही गेले. जुलै २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी २६.३४ लाख अर्जदारांचा लाभ तूर्त थांबवल्याचं सांगितलं. पण ते सापडले कसे? सरकारने आपल्याच खात्यांकडची माहिती जुळवून पाहिली तेव्हा. पुरुषाने अर्ज भरला ही चूक उत्पन्नाच्या दाखल्याने पकडली जात नाही, त्या दाखल्यावर बाई की बुवा हे कोणी तपासत नाही. आणि ते २६ लाख सगळे चोर नाहीत. पडताळणीत पात्र ठरतील त्यांना पुन्हा सुरू करू असं त्याच वेळी सांगितलं होतं.

एक रुपयातल्या पीकविम्याचंही तसंच. बोगस अर्ज आले, २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली, आणि हे दुसऱ्याच्या नाहीतर सरकारी जमिनीवर विमा काढणाऱ्यांमुळे झालं. ती चोरी सातबारा आणि ई-पीक पाहणी (मोबाईलवरून केलेली पिकाची नोंद) जुळवून थांबते. श्रीमंताला वगळायचंच असेल तर त्याचा पुरावा सरकारपाशीच आहे : पगार तेच देतं, पेन्शन तेच देतं, आयकर तेच घेतं. त्यासाठी म्हातारीला तहसीलला कशाला पाठवायचं? अर्थात इथेही डोळे उघडे लागतात. चारचाकी असलेल्या घराला वगळणाऱ्या अटीत पंचायत समितीच्या ठेकेदाराची गाडी येते तशी फायनान्सवर घेतलेली काळी-पिवळीही येते, जिचा हप्ता भरून महिन्याला हाती काही राहत नाही. म्हणून नाव कापायच्या आधी नोटीस हवी आणि हरकत गावातच, चावडीवर, घेतली जावी.

गरिबाला दुप्पट मिळेल. कोण देणार? प्राधान्य यादीत माणशी ५ किलो हे २०१३ च्या कायद्यात बांधलेलं आहे. शेजाऱ्याचं नाव कापलं म्हणून तुमच्या पिशवीत १० किलो पडत नाही. राज्याचा इष्टांकही ठरलेला, ७ कोटी १७ हजार माणसं, २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी होतं आणि सासरच्या कार्डात चढायला तालुक्यात जागा नसते. दाखला तिच्याकडेही असतो.

आणि वेगळी यादी केली की काय होतं तेही इथल्याच सहा जिल्ह्यांना विचारा. ऑगस्ट २०१५ पासून मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना कंट्रोलमधून, म्हणजे राशन दुकानातून, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने मिळायचा, माणशी ५ किलो. केंद्राकडून धान्य येणं थांबलं आणि २०२३ पासून धान्याऐवजी माणशी १५० रुपये आले, पुढे ते १७० झाले. कायद्यातल्या यादीचं धान्य मात्र त्याच २०२३ पासून फुकट झालं. छोट्या वेगळ्या यादीची बाजू घ्यायला कोणी नसतं. केंद्राचं म्हातारपणाचं पेन्शन फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आहे, ७९ वर्षांपर्यंत त्यात केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. पंधरा वर्षांहून जास्त काळ तो आकडा हललेला नाही. एसटीचं अर्धं तिकीट बंद करून बघा म्हणावं, संध्याकाळपर्यंत डेपोसमोर बाया बसतील.

मजूर मिळत नाहीत. यावर फार लिहिण्यासारखं नाही. लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. ५० रुपयांसाठी ३०० ची रोजी कोणी सोडत नाही. मजूर मिळत नाहीत ते दिवाळीच्या आगेमागे, कारण सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा पहिला वेचा एकाच पंधरवड्यात येतात आणि सगळ्या गावाला त्याच बाया हव्या असतात. तेव्हा वेचणीचा दर किलोमागे दोन रुपयांनी वाढवला की शेजारच्या गावच्या बाया ऑटो करून येतात.